एका शेअरला दहा मतं : मँचेस्टर युनायटेडच्या मालकांना कोल्हापुरातून खुलं पत्र

प्रति,
ग्लेझर कुटुंबीय, सर जिम रॅटक्लिफ
आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य,
मँचेस्टर युनायटेड फुटबॉल क्लब, ओल्ड ट्रॅफर्ड, इंग्लंड.

स.न.वि.वि.

हे पत्र मराठीत आहे. तुमच्यापैकी कुणालाच ते थेट वाचता येणार नाही, हे मला कळतं. पण २०१९ साली तुम्ही जगभरातले युनायटेडचे चाहते एका पाहणी कंपनीकडून मोजून घेतलेत, ते १.१ अब्ज भरले, आणि तेव्हापासून तो आकडा गुंतवणूकदारांपुढे आणि प्रायोजकांपुढे मांडत आलात. २०१३ मध्ये अपोलो टायर्ससारख्या भारतीय कंपनीनं तुमच्याशी करार केला, तो काही मँचेस्टरच्या रस्त्यांवरच्या गाड्या बघून नाही. त्या १.१ अब्जांत कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला मी एक. मला मोजताना माझी भाषा आडवी आली नव्हती, तेव्हा माझं म्हणणं ऐकतानाही ती आडवी येऊ नये. भाषांतराचा खर्च तुम्हाला जड नाही.

आणि खरं सांगायचं तर हे पत्र इथल्या पोरांनीही वाचावं असं मला वाटतं. लाल जर्सी घालून रात्री टीव्हीपुढे बसणाऱ्या आमच्या पोरांना ‘ग्लेझर’ म्हणजे सामना हरल्यावर शिवीसारखा वापरायचा एक शब्द वाटतो. हा शब्द आला कुठून, तो यायच्या आधी साध्या माणसांनी खिशातले पैसे काढून क्लबचे शेअर का घेतले होते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मी युनायटेडचा कसा झालो, ते आधी सांगतो. २६ मे १९९९, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा बार्सिलोनातला अंतिम सामना. आमच्याकडे तारीख बदलून गेली होती. तालमीच्या खोलीत एक टीव्ही, पंधरा-वीस पोरं, त्यातली निम्मी भिंतीला टेकून झोपलेली. बायर्न म्युनिक एका गोलनं पुढे. नव्वद मिनिटं भरली तसा एकजण टीव्ही बंद करायला उठला, त्याला कुणीतरी शर्टाला धरून खाली बसवला. मग शेरिंगहॅमचा गोल. मग सोल्शेअरचा. रात्री दोनच्या सुमारास पेठेत जो गलका झाला, तो ऐकून चोर आले म्हणून म्हातारी माणसं काठ्या घेऊन दारात आली. त्या रात्रीपासून मी तुमच्या हिशेबात आहे. तेव्हा तुम्ही नव्हता. आमच्यात तुम्ही मागाहून आलात, एवढं लक्षात असू द्या.

कोल्हापूरचं फुटबॉल तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्या गावचा, एवढीच आमची बाहेरची ओळख. पण आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने लागले की पेठा ओस पडतात. या संघांचा मालक कोण? कुणीच नाही. पेठ. वर्गणी निघते, कुणी बूट घेऊन देतो, कुणी जेवण घालतो, कुणी पुढारी फलकावर आपला फोटो लावून पैसे देतो. आमचं सगळं सोन्यासारखं आहे असं मी म्हणत नाही. मैदानावर हुल्लडबाजी होते, सामने थांबवावे लागतात. पण उद्या कुणी एक संघ विकत घेऊन त्याचं कर्ज तालमीच्याच जागेवर चढवलं, तर काय होईल, ते लिहून सांगण्यासारखं नाही.

दुसरी गोष्ट वडिलांची. ते सहकारी साखर कारखान्याचे सभासद. दरवर्षी पोस्टानं अहवाल येतो, तो ते चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि सर्वसाधारण सभेला धोतर नेसून जातात. व्यासपीठावरून विषय वाचला की पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ आणि मागून ‘नामंजूर’. सहकारातली गटबाजी, घराणी, ऊसबिलाची आंदोलनं, सगळं आम्ही पाहिलंय. तरी एक गोष्ट कायद्यानं पक्की आहे : शेअर एक असो की पन्नास, सभासदाचं मत एकच. अध्यक्षाचं एक, पाच गुंठेवाल्याचंही एक.

ही कल्पना आमची नाही. ती तुमच्या शेजारची आहे. ओल्ड ट्रॅफर्डपासून तासाभराच्या आत रॉचडेल गाव येतं. तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी १८४४ साली पै-पैसा जमवून टोड लेनवर एक दुकान काढलं. विकायला पीठ, लोणी, ओटमील, मेणबत्त्या आणि साखर. माणशी एक मत, हा त्यांचा नियम. तो नियम जगभर फिरत फिरत प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांपर्यंत आला आणि तिथून आमच्या पंचगंगेच्या खोऱ्यात. मँचेस्टरच्या उंबऱ्यावरची गोष्ट माझ्या बापाला समजली. तुम्हाला ती समजावून सांगायला मला कोल्हापुरातून पत्र लिहावं लागतंय.

आता शेअरची गोष्ट.

१९९८ च्या सप्टेंबरात रूपर्ट मर्डॉक यांच्या बीस्कायबी कंपनीनं युनायटेडसाठी ६२ कोटी ३० लाख पौंडांची बोली लावली आणि तेव्हाच्या संचालक मंडळानं मान डोलावली. सामने दाखवणाराच संघाचा मालक होणार, म्हणजे प्रक्षेपणाच्या हक्कांचा भाव ठरवताना तो टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसणार. क्लब १९९१ पासून लंडनच्या शेअर बाजारात होता. ज्या बाजारातून क्लब जाणार होता, त्याच बाजारात चाहते शिरले. ‘मर्डॉकविरोधी भागधारक’ अशी संघटना उभी राहिली. एक शेअर घ्या, पाच घ्या, पण घ्या. एक शेअर असला तरी वार्षिक सभेत उभं राहून अध्यक्षाला प्रश्न विचारता येतो. काहींनी सभा गाजवल्या, काहींनी खासदारांना पत्रं लिहिली, काहींनी स्पर्धा कायदा घोकला आणि सरकारच्या मक्तेदारी व विलीनीकरण आयोगापुढे लेखी म्हणणं मांडलं. एप्रिल १९९९ मध्ये व्यापारमंत्री स्टीफन बायर्स यांनी तो सौदा अडवला. दीड महिन्यानं बार्सिलोनाचा सामना झाला. आम्ही पोरं ज्या गोलवर नाचलो, त्या संघाच्या मालकीचा निकाल नुकताच लागला होता आणि आम्हाला त्यातलं अक्षरही ठाऊक नव्हतं.

मग, जोएल आणि अव्राम ग्लेझर, तुमचे वडील आले. मार्च २००३ मध्ये माल्कम ग्लेझर यांनी तीन टक्क्यांच्या आत-बाहेर शेअर घेतले आणि २००४ संपेपर्यंत ते २८ टक्क्यांवर पोचले. मर्डॉकवाली संघटना आता ‘शेअरहोल्डर्स युनायटेड’ झाली होती. तिनं पुन्हा तोच नारा दिला : शेअर घ्या आणि विकू नका. हिशेब वहीच्या एका पानावर मावणारा होता. ब्रिटिश कायद्यात ७५ टक्के हातात आले की कंपनी बाजारातून काढून खासगी करता येते आणि तिच्या मालमत्तेवर हवं तसं कर्ज चढवता येतं. पाव हिस्सा जर चाहत्यांच्या मुठीत राहिला, तर हे करता येणार नाही. पण त्या भावानं पाव हिस्सा म्हणजे वीस कोटी पौंडांच्या घरात. टपालवाले, शिक्षक, निवृत्त कामगार यांनी शे-दोनशे पौंडांनी तो डोंगर चढायला घेतला होता.

डोंगर चढून झाला नाही. १२ मे २००५ रोजी जे. पी. मॅकमॅनस आणि जॉन मॅग्नियर या दोन आयरिश धनिकांनी आपला २८.७ टक्के हिस्सा तीन पौंडांना एक शेअर या भावानं एकाच दिवसात तुमच्या वडिलांना विकला. (याच मॅग्नियरांशी युनायटेडचे तेव्हाचे व्यवस्थापक सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचं ‘रॉक ऑफ जिब्राल्टर’ या शर्यतीच्या घोड्यावरून कोर्टापर्यंत गेलेलं भांडण झालं होतं. त्याचा या विक्रीशी किती संबंध, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण एवढा मोठा क्लब इतक्या थोड्या माणसांच्या मर्जीवर उभा होता, हे मला आजही पटत नाही.) चार दिवसांत ७५ टक्के पार झाले. जून संपता संपता ९८ टक्के. मग उरलेल्यांना विचारायचीही गरज राहिली नाही. कायदाच म्हणतो की एवढा हिस्सा एकाकडे गेला की बाकीच्यांनी आपला शेअर देऊन टाकायचा. ज्यांनी ‘विकणार नाही’ म्हणून तो चौकटीत लावून भिंतीवर टांगला होता, त्यांचाही गेला. भिंतीवर राहिला तो कागद.

पोरांनो, चाहत्यांच्या अंगात जोर नव्हता म्हणून ते हरले असं नाही. १९९९ मध्ये त्यांच्या मागे कायदा उभा राहिला. २००५ मध्ये कायदा बाजूला बसून राहिला. नुसते शेअर घेऊन क्लब वाचत नाही, हे मी मान्य करतो. म्हणूनच माझ्या मागण्या भावनेच्या नाहीत, मताच्या अधिकाराच्या आहेत. पण आधी तक्रारी.

पहिली तक्रार कर्जाची, आणि तीच सगळ्यांची आई. मी शिरोली एमआयडीसीत एक छोटं लेथचं वर्कशॉप चालवतो. कर्ज मला कुणी शिकवायला नको. मशीन बँकेकडे गहाण आहे आणि हप्ता मी भरतो, कारण मशीन माझं आहे. तुमच्या कुटुंबानं काय केलं? ७९ कोटी पौंडांचा क्लब घेतला, त्यासाठी निम्म्याहून जास्त पैसा उसना आणला, त्यातलं मोठं कर्ज क्लबच्याच मालमत्तेवर चढवलं आणि व्याज क्लबच्या तिजोरीतून भरायला लावलं. शेजाऱ्याचं घर घ्यायचं, ते घेण्यासाठी तेच घर गहाण टाकायचं आणि हप्ते शेजाऱ्याकडूनच वसूल करायचे, असं आमच्या गल्लीत कुणी केलं असतं तर त्याला नाव काय ठेवलं असतं, ते खुल्या पत्रात लिहिता येत नाही. जो क्लब १९३१ पासून कर्जाविना होता, त्याच्यावर २०१० पर्यंत ७० कोटी पौंडांहून अधिक बोजा झाला. त्यातल्या एका कर्जाचं व्याज सव्वाचौदा टक्के, आणि पुढे ते सव्वासोळा होणार होतं. एवढ्या दरानं आमच्याकडे पतसंस्थाही घाबरत घाबरत देते. व्याज, शुल्क आणि लाभांश मिळून एक अब्ज पौंडांहून जास्त पैसा क्लबबाहेर गेल्याचा हिशेब ब्रिटिश वर्तमानपत्रांनी मांडला आहे. १९०२ मध्ये हाच क्लब, तेव्हाचा न्यूटन हीथ, २,६७० पौंडांच्या देण्यापायी बुडायला आला होता. रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यातल्या कामगारांनी १८७८ साली काढलेला संघ तो. त्यांचे हिरवे-सोनेरी रंग २०१० मध्ये तुमच्या विरोधातल्या मफलरींवर परत आले आणि मार्च महिन्यात एसी मिलानकडून खेळायला आलेल्या, एकेकाळी युनायटेडचाच खेळाडू असलेल्या बेकहॅमनं सामना संपल्यावर तसली एक मफलर गळ्यात घातली. तो फोटो माझ्या वर्कशॉपमध्ये कॅलेंडरशेजारी आहे.

इथे एक गोष्ट साफ करतो. माझी तक्रार हरण्याची नाही. तुमच्या काळात फर्ग्युसन यांनी पाच वेळा लीग जिंकली, २००८ मध्ये मॉस्कोत युरोपचा करंडक घेतला. मी नाचलो, तेव्हा मालक कोण हे विचारलं नाही. ही आमची चूकच. जिंकत असताना चाहता वही उघडत नाही, आणि हरायला लागल्यावर उघडली की म्हणतात, हरताय म्हणून ओरडताय.

दुसरी तक्रार मतांची. २०१२ मध्ये तुम्ही क्लब पुन्हा बाजारात आणलात, या वेळी न्यूयॉर्कला, केमन बेटांवर नोंदवलेल्या कंपनीच्या नावानं. १४ डॉलरला एक शेअर. जमलेल्या २३ कोटी ३० लाख डॉलरपैकी निम्मे कर्जफेडीला आणि निम्मे तुमच्या कुटुंबाकडे. लोकांना मिळाला तो ‘अ’ वर्गाचा शेअर, त्याला एक मत. कुटुंबाकडे राहिला तो ‘ब’ वर्गाचा, त्याला दहा. हल्ली भारतातूनही मोबाईलवरून अमेरिकी शेअर घेता येतो. मी तुमचे तीन घेतलेत. ॲप उघडून बघताना बायको विचारते, याचं काय करणार? मी म्हणतो, मत देणार. ती म्हणते, किती जणांविरुद्ध? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बापाच्या कारखान्यात निदान ‘नामंजूर’ म्हणणाऱ्याचा एक हात अध्यक्षाच्या एका हाताइतका भरतो.

तिसरी तक्रार शब्दाची. १८ एप्रिल २०२१ च्या रविवारी रात्री बारा क्लबांनी सुपर लीग जाहीर केली आणि जोएल, तुम्ही तिचे उपाध्यक्ष होता. खाली घसरायची भीती नसलेली, ठरावीक श्रीमंतांची स्पर्धा. अठ्ठेचाळीस तासांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे फिरले. २ मे रोजी चाहते ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. त्यानंतर, जूनमध्ये, सोळा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही चाहत्यांच्या प्रतिनिधींसमोर बसलात आणि म्हणालात की चाहत्यांना शेअर देण्याची योजना आणू आणि त्या शेअरला कुटुंबाच्या शेअरइतकाच मताचा अधिकार असेल. मी ती बातमी दोनदा वाचली. २००५ मध्ये जे हिसकावून घेतलं, ते थोडं का होईना, परत द्यायची भाषा होती ती. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, क्लब विकायचा की काय याचा विचार सुरू झाल्याचं तुम्ही जाहीर केलंत. आणि योजना? आमच्याकडे निवडणुकीच्या आधी नारळ फोडून ठेवलेल्या रस्त्यांच्या पाट्या असतात, तशी ती उभी आहे. पाटी आहे, रस्ता नाही.

चौथी थोडक्यात, कारण तिला जास्त शब्द लागत नाहीत. २०२४ च्या हिवाळ्यात, हंगाम अर्ध्यावर असताना, घरच्या उरलेल्या सामन्यांची सभासदांची तिकिटं सरसकट ६६ पौंड केलीत. लहान मुलांना सवलत नाही, म्हाताऱ्यांना नाही. त्याच वर्षी अडीचशे लोकांची नोकरी गेली होती. सर जिम, फेब्रुवारी २०२४ मध्ये तुम्ही पाव हिश्शाहून अधिक घेऊन आत आलात. फेल्सवर्थचे तुम्ही, मँचेस्टरच्या मातीतले. तुमच्याकडून सुरुवात इथून होईल असं वाटलं नव्हतं.

परक्या मालकांवर बोट दाखवताना माझंही बोट थोडं थरथरतं, तेही सांगून टाकतो. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा लँकेशायरचा जुना क्लब विकत घेणारी कंपनी आमच्या पुण्याची, कोंबड्यांच्या व्यवसायातली, वेंकटेश्वरा हॅचरीज. महिन्याभरात व्यवस्थापक सॅम अलार्डाइस गेले, २०१२ मध्ये संघ प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वात वरच्या स्पर्धेतून घसरला. त्या शेवटच्या घरच्या सामन्यात चाहत्यांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. इथे टीव्हीवर ते बघून आम्ही हसलो. मालक परका असला की वाईट आणि आपला असला की गंमत, असं चालत नाही. ब्लॅकबर्नच्या माणसाची मागणी आणि माझी मागणी एकच आहे, तेव्हा हे पत्र पुण्यातही कुणी वाचलं तर माझी हरकत नाही.

तुमच्या बाजूचे लोक म्हणतात, चाहत्यांच्या हाती क्लब गेला तर भांडणं होतील, पैसा कोण घालणार? भांडणं होतातच. २००५ च्या त्या उन्हाळ्यातच ओल्ड ट्रॅफर्ड सोडून गेलेल्या चाहत्यांनी ‘एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर’ काढला, माणशी एक मत या तत्त्वावर, आणि इंग्लिश फुटबॉलच्या दहाव्या पायरीवरून सुरुवात केली. त्यांच्यातही पुढे वाद झाले, राजीनामे झाले. पण दहा वर्षांत त्यांनी मॉस्टनला स्वतःचं मैदान बांधलं आणि २९ मे २०१५ रोजी तिथे पाहुणा संघ होता पोर्तुगालचा बेनफिका; १९६८ मध्ये युनायटेडनं याच तारखेला बेनफिकालाच हरवून युरोप जिंकला होता. पोर्ट्समथ क्लबचं उदाहरण मला त्याहून आवडतं, कारण ते गैरसोयीचं आहे. २०१३ मध्ये बुडत्या क्लबचे हजार-हजार पौंडांचे शेअर चाहत्यांनी घेतले, कर्ज निपटलं, संघ सावरला, आणि २०१७ मध्ये त्याच चाहत्यांनी मतदान करून तो अमेरिकी धनिक मायकेल आयस्नर यांना विकला. विकला! पण विचारून विकला. विक्रीलाच माझा विरोध असता तर मी हे उदाहरण लपवलं असतं. आणि जर्मनीत तर बहुतेक क्लबांत अर्ध्याहून एक मत जास्त सभासदांकडे असलंच पाहिजे असा नियम आहे. १९९९ ला आपण ज्यांना हरवलं त्या बायर्नमध्येही तीन बड्या कंपन्या भागीदार आहेत, पण तीन-चतुर्थांश क्लब सभासदांचा आहे. त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

उलट्या बाजूचं उदाहरणही ताजं आहे. २०१८ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये मुख्य भागधारक स्टॅन क्रोएंके यांनी दुसरे बडे भागधारक अलिशेर उस्मानोव्ह यांचा हिस्सा घेतला आणि तिथल्या छोट्या भागधारकांचे, पिढ्यान्‌पिढ्या जपलेले एकेक-दोनदोन शेअरही सक्तीनं गेले. वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारायची जागा संपली. म्हणजे २००५ चा कित्ता गिरवला गेला, आणि तो तुम्ही घालून दिलेला होता.

आता मागण्या. लांबण लावत नाही.

जून २०२१ मध्ये कबूल केलेली चाहत्यांची शेअर योजना तारखेसकट जाहीर करा. शेअरला मत कुटुंबाच्या शेअरइतकंच हवं; एक-दशांश मत आम्हाला नको. आणि उद्या पुन्हा कुणी ९० टक्क्यांच्या वर गेला तरी चाहत्यांचा हा वर्ग सक्तीनं घेता येणार नाही, असं कंपनीच्या नियमावलीत लिहा. २००५ ची पळवाट बुजवली नाही, तर बाकी सगळं पाण्यात.

योजना मँचेस्टरपुरती ठेवू नका, पण मँचेस्टरला पहिला मान द्या. मी कोल्हापुरात बसून म्हणतोय : पावसात उभं राहून घसा बसवणाऱ्याचं मत माझ्याआधी मोजलं गेलं तर मला राग येणार नाही. पेठेतल्या माणसाला हे समजतं.

मार्च २०२५ मध्ये एक लाख आसनांचं, दोन अब्ज पौंडांचं नवं स्टेडियम जाहीर केलंत. पैसा कुठून येणार, ते त्या दिवशी सांगितलं नाहीत. पहिली वीट ठेवण्याआधी सांगा. त्यातलं किती कर्ज क्लबच्या नावावर येणार, व्याजाचा दर काय, आणि ते तिकिटांतून वसूल करणार का, हे आकड्यांत छापा. मोघम उत्तर देऊ नका. वर्कशॉपच्या कर्जालासुद्धा बँक माझ्याकडून तीन वर्षांचा ताळेबंद मागते.

मुलांची आणि ज्येष्ठांची सवलत दर हंगामाला तुमच्या मर्जीवर नको, नियमात हवी.

कुटुंबाला विकायचं असेल तर विका, तो तुमचा अधिकार आहे. पण बोली मान्य करण्याआधी ती मँचेस्टर युनायटेड सपोर्टर्स ट्रस्ट या चाहत्यांच्या संघटनेपुढे ठेवा आणि घेणारा पैसा कुठून आणतोय ते लोकांना कळू द्या. ब्रिटनच्या संसदेनं २०२५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमायचा कायदा केला आहे. चिन्ह बदलायचं, घरच्या जर्सीचा रंग बदलायचा, तर आता चाहत्यांना विचारावं लागणार. चांगलं आहे. जर्सीच्या रंगाला आमचं मत लागतं आणि क्लबच्या विक्रीला लागत नाही, ही विसंगती तुमच्या हातात आहे तोवर तुम्हीच दूर करा.

शेवटची मागणी फुकटची आहे. पुढच्या वार्षिक अहवालात जिथे १.१ अब्ज चाहत्यांचा आकडा छापाल, त्याच पानावर त्या चाहत्यांच्या हाती मिळून किती टक्के मतं आहेत, तोही आकडा छापा. त्याला फार जागा लागायची नाही.

उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल. वडिलांना मी मराठीत वाचून दाखवीन.

कळावे,
आपल्या १.१ अब्जांतला एक, तीन शेअरचा आणि तीन मतांचा धनी,
शिवाजी पेठ, कोल्हापूर